कॉपीचा वेग दोन एमबीवर का येतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात कर्वेनगरमध्ये घरी पाच वर्षं जुना लॅपटॉप आहे, विंडोज ११. विंडोज एसएसडीवर, म्हणजे फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर, आहे आणि बाकी सगळं सामान लॅपटॉपमधल्याच १ टीबीच्या फिरत्या हार्ड डिस्कवर, म्हणजे डी ड्राइव्हवर. घरचे फोटो, मुलीच्या ढोल-ताशा पथकाचे व्हिडिओ, वडिलांच्या कॅसेटवरून उतरवून घेतलेली भजनं आणि फोनमधून काढलेला व्हॉट्सॲपचा साठा, असं मिळून सुमारे ३८० जीबी. नवीन पोर्टेबल हार्ड डिस्कवर हे कॉपी करायला घेतलं की आधी सेकंदाला ११० एमबी दिसतात, काही मिनिटांत आकडा १५-२० वर येतो, मग दोनवर, कधी चक्क शून्यावर. बाकी वेळ कधी एक तास, कधी दोन दिवस. दुकानात विचारलं तर म्हणाले, 'फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाका, आणि रॅम वाढवा.' तसं करावं का?

आत्ता अजिबात नको. तुमच्या या सामानाची दुसरी प्रत अजून झालेली नाही. अशा वेळी लॅपटॉप फॉरमॅटसाठी दुकानात दिला आणि सी ड्राइव्हबरोबर डी ड्राइव्हही पुसला गेला, तर वडिलांची भजनं परत आणता येणार नाहीत. घाईत दोन्ही ड्राइव्ह पुसल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. शिवाय कॉपी मंद होण्याची जी कारणं तुमच्या वर्णनात दिसतात, त्यातलं एकही नव्या विंडोजने सुटणारं नाही.

कॉपी हे एक काम दिसत असलं तरी आत चार कामं असतात. जुन्या डिस्कवरून वाचणं, केबल आणि पोर्टमधून नेणं, नव्या डिस्कवर लिहिणं, आणि प्रत्येक फाइलमागे विंडोजला करावी लागणारी नोंदणी. चारांपैकी जे सर्वांत सावकाश चालतं, त्याच्याच वेगाने सगळी कॉपी चालते. म्हणून आधी दोषी कोण ते शोधायचं आणि मगच उपाय करायचा. ११० ने सलग चाललं तर ३८० जीबी तासाभरात संपतात. ३५ ने चाललं तर तीन तास लागतात. दोनने चाललं तर दोन दिवसांहून जास्त. पहिला आकडा तब्येत ठीक असल्याचा, बाकीचे दोन वेगवेगळ्या आजारांचे.

पहिली शंका मी डी ड्राइव्हचीच घेईन, आणि ती आज रात्रीच तपासा. वेग कमी होण्यापेक्षा तो शून्यावर जाऊन थांबणं आणि मग आपोआप पुन्हा सुरू होणं, हे मला जास्त काळजीचं वाटतं. फिरत्या डिस्कवरचा एखादा भाग कमजोर झाला की डिस्क तोच भाग पुन्हापुन्हा वाचून पाहते. घरगुती डिस्क अशा एकाच जागेवर कित्येक सेकंद अडून राहू शकते आणि तेवढा वेळ कॉपीच्या खिडकीत शून्य दिसतं. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये डी ड्राइव्हची डिस्क निवडा. ॲक्टिव्ह टाइम १०० टक्के, वाचनाचा वेग जवळजवळ शून्य आणि सरासरी रिस्पॉन्स टाइम हजारो मिलिसेकंदांत, असं एकाच वेळी दिसलं तर डिस्क आजारी असण्याची शक्यता बरीच आहे.

खात्रीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन घ्या. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती त्यात दिसते. सगळ्या ओळी वाचायची गरज नाही. ०५ म्हणजे खराब होऊन बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे भाग), सी५ म्हणजे वाचता न आल्याने निकालाची वाट पाहणारे सेक्टर, सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे. या तिन्हींचे मूळ आकडे शून्य हवेत. सी५ मध्ये शून्याशिवाय काहीही असेल तर ती डिस्क भरवशाची राहिलेली नाही, मग वर निळ्या चौकोनात 'गुड' लिहिलेलं असलं तरी. सी७ वाढलेला असेल तर दोष बहुधा डिस्कच्या आतल्या जोडणीचा, कनेक्टरचा असतो, आणि तो बराच स्वस्तात सुटतो. विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअरही उघडून बघा. सिस्टिम लॉगमध्ये 'डिस्क' या नावाखाली ७ क्रमांकाची नोंद म्हणजे खराब ब्लॉक सापडला, १५३ म्हणजे वाचन-लेखनाचा प्रयत्न पुन्हा करावा लागला. १२९ ही डिस्कला रीसेट पाठवल्याची खूण आहे, ती डिस्कच्या नव्हे तर कंट्रोलरच्या ड्रायव्हरच्या नावाखाली येते. या नोंदींच्या वेळा आणि तुमची कॉपी अडकल्याच्या वेळा जुळल्या तर आणखी पुरावा लागत नाही.

तसं निघालं तर वेगाचा प्रश्न बाजूला ठेवा. डिस्क चालू आहे तोवर जे पुन्हा मिळणार नाही ते आधी काढा. तुमच्या यादीत ती वडिलांची भजनं, मग जुने फोटो. पथकाचे व्हिडिओ पथकातल्या इतरांकडेही असतील, व्हॉट्सॲपचा साठा सर्वांत शेवटी. एकेक फोल्डर घ्या, अडलेली फाइल सोडून पुढे जा. चेकडिस्क या विंडोजच्या तपासणी साधनाला 'आर' स्विच (आज्ञेला जोडायचा पर्याय) देऊन सगळी डिस्क तपासायला लावू नका, डीफ्रॅगही, म्हणजे फायलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावण्याचं कामही, करू नका. ही दोन्ही कामं आजारी डिस्कला तासन्‌तास राबवतात, आणि तुमच्या फायली अजून तिच्यावरच आहेत. ओळखीत कोणी लिनक्स जाणणारं असेल तर डीडीरेस्क्यू हे आजारी डिस्कवरून माहिती काढणारं साधन वापरायला सांगा. ते आधी सहज वाचता येणारे भाग उचलतं, अवघड जागा शेवटी घेतं आणि कुठपर्यंत आलो याची नोंद ठेवतं, त्यामुळे मध्ये थांबवूनही पुढे चालू करता येतं. डिस्कमधून टक्-टक् असा ठरावीक आवाज येत असेल तर मात्र लॅपटॉप लगेच बंद करा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडेच न्या. अशी डिस्क घरी उघडून बघायची नाही, आणि कोणाला 'जरा बघतो' म्हणून उघडूही द्यायची नाही.

डिस्कची तब्येत ठीक निघाली, की पुढचा प्रयोग करा. मला स्वतःला सर्वांत उपयोगी पडलेली तपासणी हीच आहे, आणि तिला काही विकत आणावं लागत नाही. पथकाचा एक मोठा व्हिडिओ निवडा. लॅपटॉपच्या रॅमपेक्षा मोठा असेल तर उत्तम, म्हणजे रॅम ८ जीबी असेल तर १०-१२ जीबीचा. एकच फाइल एवढी मोठी नसेल तर चार-पाच मोठे व्हिडिओ एकत्र घ्या. ते आधी डी ड्राइव्हवरून सी ड्राइव्हवर कॉपी करा. मग लॅपटॉप रीस्टार्ट करा आणि तेच सी ड्राइव्हवरून नव्या डिस्कवर कॉपी करा. रीस्टार्ट विसरू नका, कारण नुकत्याच हाताळलेल्या फायली रॅममध्ये शिल्लक असतात आणि दुसरा आकडा खोटा येतो. पहिल्या टप्प्यात जुन्या डिस्कचं वाचन मोजलं जातं, दुसऱ्यात केबल, पोर्ट आणि नव्या डिस्कचं लेखन. एसएसडी या दोघांपेक्षा बरीच वेगवान असल्याने ती आड येत नाही. कॉपीच्या खिडकीत 'मोअर डिटेल्स' दाबून आलेख उघडा ठेवा आणि आकड्यापेक्षा त्या आलेखाचा आकार बघा.

आता निकाल. डी वरून सी वर ८० ते १२० च्या आसपास, थोडाफार हलता पण सलग आलेख आला तर जुनी डिस्क वाचनात कमी पडत नाही. डिस्क जवळजवळ भरलेली असेल तर शेवटी-शेवटी भरलेल्या फायली ६०-७० नेच वाचल्या जातील. तबकडीच्या बाहेरच्या कडेला एका फेऱ्यात जास्त माहिती मावते, आतल्या कडेला कमी, त्यामुळे आत वेग जवळपास निम्म्यावर येतो. यात बिघाड काही नाही.

सी वरून नव्या डिस्कवर ३० ते ४० च्या दरम्यान सपाट, पट्टीने आखल्यासारखी रेघ आली, तर तुम्ही यूएसबी २.० वर आहात. २००० साली आलेल्या या मानकाचा कागदावरचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट. आठ बिट म्हणजे एक बाइट, म्हणून भागाकार करून ६० एमबी. त्यातून देवाणघेवाणीचा खर्च वजा जाता हाती ३५-४०. यूएसबी ३.० चा आकडा ५ गिगाबिट आहे, म्हणजे फिरत्या डिस्कला कधीच अपुरा पडणार नाही इतका. पण त्यासाठी पोर्ट, केबल आणि डिस्क तिघंही ३.० चे हवेत. पोर्टच्या आतलं प्लास्टिक निळं असेल किंवा बाजूला एसएस अशी खूण असेल तर पोर्ट ठीक. पोर्टेबल डिस्कच्या बाजूची रुंद, दोन भागांची पिन नीट बघा. त्या खाचेच्या मोठ्या भागात जुन्या फोनची साधी मायक्रो यूएसबी केबलही बसते, डिस्क चालूही होते, फक्त २.० च्या वेगाने. टाइप सी केबलींमध्ये तर फसगत आणखी सोपी आहे. फोनबरोबर येणाऱ्या बहुतेक चार्जिंगच्या केबली डेटासाठी २.० च्याच असतात आणि वरून बघून काही कळत नाही. तपकीर गल्लीत किंवा आणखी कुठेही केबल घेताना नुसतं 'टाइप सी द्या' म्हणू नका. 'डेटाची, ५ किंवा १० जीबीपीएसची द्या' असं सांगा आणि शक्य असेल तर डिस्क सोबत नेऊन तिथेच जोडून बघा. डेस्कटॉप असेल तर पुढच्या पोर्टऐवजी मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टमध्ये जोडा. यूएसबी हब मधे नको.

जाता जाता एक गोष्ट. ३.० ची डिस्क चालू असताना वायरलेस माऊस अडखळायला लागला किंवा वायफाय खालावलं, तर माऊस बिघडलेला नसतो. यूएसबी ३.० च्या वाहतुकीतून २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात गोंगाट होतो, हे इंटेलने २०१२ मध्येच लिहून ठेवलं आहे. माऊसचा रिसीव्हर दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये लावा.

तिसरा आकार तुमच्या वर्णनाशी सर्वांत जास्त जुळतो. सुरुवातीला ११०-१३०, बराच वेळ सुरळीत, मग एकदम पडून १० ते ३० मध्ये करवतीच्या दात्यांसारखी रेघ. फाइल एकच मोठी असूनही असं झालं, तर नवी डिस्क एसएमआर पद्धतीची असणार. बाजारातल्या अडीच इंची पोर्टेबल डिस्कांपैकी बऱ्याच अशाच असतात आणि खोक्यावर ते सहसा लिहिलेलं नसतं. या पद्धतीत तबकडीवरचे ट्रॅक एकमेकांवर थोडे चढवून लिहिलेले असतात. वाचणारं डोकं अरुंद असल्याने त्याला उघडा राहिलेला भाग पुरतो, पण लिहिणारं डोकं रुंद असतं. मधला एखादा ट्रॅक बदलायचा म्हटलं की त्यावर चढलेले पुढचेही पुन्हा लिहावे लागतात. हे काम टाळण्यासाठी डिस्क नवी माहिती आधी एका राखीव जागेत पटापट उतरवून घेते आणि निवांत वेळ मिळाला की योग्य जागी लावते. तुम्ही ३८० जीबी एका दमात पाठवले की राखीव जागा भरते, निवांत वेळ मिळत नाही, आणि डिस्कला आत लावणं आणि बाहेरून घेणं ही दोन्ही कामं एकदम करावी लागतात. सुरुवातीचा ११० हा त्या राखीव जागेचा वेग होता.

हा दोष नाही, डिस्कची घडणच तशी आहे. त्यामुळे डिस्क बदलून मागायला दुकानात भांडायची गरज नाही. ४०-५० जीबीच्या टप्प्यांनी कॉपी करा आणि प्रत्येक टप्प्यानंतर डिस्क न काढता, जोडलेलीच ठेवून अर्धा तास तशीच राहू द्या. दिवा लुकलुकत राहील, हात लावल्यावर थरथर जाणवेल. तिचं आवरणं चालू असतं. वर्षातून दोन-चारदा फोटो ठेवायला ही डिस्क पुरेशी आहे आणि तिच्यासाठी मी तुम्हाला आणखी खर्च करायला सांगणार नाही. रोज मोठे व्हिडिओ हलवायचे असतील तर मात्र पोर्टेबल एसएसडी घ्या. तीही स्वस्तातली असेल तर तिची वेगवान राखीव जागा संपल्यावर वेग पडतोच, फक्त ते इतक्या लवकर जाणवत नाही. पेनड्राइव्हचा विचारच करू नका. साध्या पेनड्राइव्हवर लिहिण्याचा वेग ५ ते १५ एमबी एवढाच मिळतो.

मोठ्या फायली दोन्ही टप्प्यांत व्यवस्थित गेल्या आणि तरी व्हॉट्सॲपच्या फोल्डरपाशी सगळं थबकलं, तर कारण चौथं आहे: लहान फायलींची संख्या. पोस्टात एक जाड पार्सल रजिस्टर करणं आणि दोनशे पत्रं रजिस्टर करणं यात जो फरक आहे, तोच इथे आहे. वजन सारखं असलं तरी प्रत्येक पत्राची वेगळी नोंद, वेगळा शिक्का, वेगळी पावती. विंडोजला प्रत्येक फाइलसाठी मूळ फाइल उघडावी लागते, परवानग्या तपासाव्या लागतात, नव्या डिस्कवर नाव नोंदवून जागा मिळवावी लागते, माहिती लिहावी लागते, तारखा बसवाव्या लागतात, दोन्हीकडे फाइल बंद करावी लागते. वर अँटिव्हायरस उघडताना एकदा आणि बंद होताना एकदा डोकावतो.

फिरत्या डिस्कवर याची किंमत किती, त्याचा ढोबळ हिशेब करू. मिनिटाला ५४०० फेरे म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, साडेपाच. डोकं योग्य ट्रॅकवर न्यायला आणखी दहा-बारा. म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायला सुमारे १७ मिलिसेकंद, सेकंदाला साठेक हेलपाटे. एका फाइलमागे चार हेलपाटे धरले तर सेकंदाला पंधरा फायली. व्हॉट्सॲपमधले स्टिकर, छोटी चित्रं, व्हॉइस नोट मिळून एक लाख फायली, सरासरी ४० केबीच्या, म्हणजे एकूण जेमतेम ४ जीबी, या हिशेबाने पावणेदोन तासांहून जास्त घेतात आणि वेग दिसतो ०.६ एमबी. पथकाचा ४ जीबीचा एक व्हिडिओ त्याच डिस्कवर ४० सेकंदांत जातो. विंडोज काही कामं एकत्र करून थोडा वेळ वाचवते, पण फरकाचं प्रमाण हेच राहतं.

यावर उपाय म्हणजे आधी निवड. स्टिकर आणि 'शुभ सकाळ'ची चित्रं जपायची आहेत का ते ठरवा, नसतील तर कॉपीच करू नका. उरलेल्या लहान फायलींचं फोल्डर सी ड्राइव्हवर आणून तिथे त्याची एकच झिप फाइल करा आणि ती नव्या डिस्कवर पाठवा. सेव्हनझिप वापरत असाल तर कॉम्प्रेशन 'स्टोअर'वर ठेवा. जेपीजी आणि व्हिडिओ आधीच दाबलेले असतात, पुन्हा दाबून वेळ फुकट जातो. झिप थेट डी ड्राइव्हवरच केलीत तर त्याच डिस्कवर वाचणं आणि लिहिणं एकदम होईल आणि हेलपाटे वाढतील, म्हणून सी ड्राइव्ह. आणि कृपा करून तीन-तीन कॉपीच्या खिडक्या एकदम उघडू नका. एसएसडीवर त्याने फारसं बिघडत नाही, पण फिरत्या डिस्कचं डोकं तीन ठिकाणी धावत राहतं आणि तिघांची बेरीजही एका खिडकीइतकी होत नाही.

नवी डिस्क कोणत्या फाइल सिस्टिममध्ये, म्हणजे फायली मांडून ठेवण्याच्या कोणत्या पद्धतीत, आहे तेही बघा. ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. एफएटी३२ असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल घेणारच नाही. एक्सफॅट असेल तर ३२ जीबीहून मोठ्या डिस्कवर तिचा साधारण सर्वांत लहान कप्पा १२८ केबीचा असतो. ३ केबीची फाइलही तेवढी जागा अडवते, त्यामुळे वरच्या एक लाख फायली ४ जीबीऐवजी १३ जीबीच्या जवळ जागा खातात. शिवाय एक्सफॅट एनटीएफएससारखी बदलांची नोंदवही ठेवत नाही, म्हणून कॉपी चालू असताना वीज गेली तर नुकसानाची भीती जास्त. फक्त विंडोजवरच वापरायची असेल तर रिकामी असतानाच, काहीही भरण्याआधी, एनटीएफएस करून घ्या. तुमच्या परिस्थितीत फॉरमॅट करण्यासारखी वस्तू हीच एक आहे.

बाकी वेळेचा आकडा एक तासावरून दोन दिवसांवर का उडी मारतो, हेही तुम्ही विचारलंत. विंडोज आत्ताच्या वेगावरून पुढचा अंदाज बांधते. आत्ता व्हिडिओ चालू असेल तर तास, पुढच्या मिनिटाला स्टिकर आले तर दिवस. त्या आकड्यावर जीव टांगून ठेवू नका. या खिडकीबद्दल २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आली तेव्हा मोठा आरडाओरडा झाला होता. त्याआधीच्या विंडोज एक्सपीमध्ये माहिती रॅममध्ये उतरली की खिडकी बंद व्हायची आणि डिस्कवरचं लिखाण मागे चालू राहायचं. व्हिस्टाने रॅममधला हा मधला साठा, म्हणजे कॅशे, वगळून थेट डिस्कवर मोठ्या तुकड्यांत लिहायला सुरुवात केली, खिडकी खरं काम संपेपर्यंत उघडी राहिली, आणि लोकांना कॉपी मंद झाली असं वाटलं. काही परिस्थितींत ती खरोखरच मंदही झाली होती. मायक्रोसॉफ्टच्या मार्क रुसिनोविच यांनी फेब्रुवारी २००८ मध्ये हे सगळं उलगडून लिहिलं, आणि पहिल्या सर्व्हिस पॅकमध्ये कॅशेची पद्धत परत आली. तुम्हाला यातून घ्यायचं ते एवढंच की खिडकी बंद झाली म्हणजे लिखाण संपलंच असं नाही. 'सेफली रिमूव्ह' करूनच डिस्क काढा. विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरच्या डिस्कांना 'क्विक रिमूव्हल' ही डिस्क चटकन काढता येण्याची सोय आपोआप असते हे खरं, तरी एसएमआर डिस्कची आतली आवराआवर त्यात धरलेली नाही.

एवढ्या मोठ्या कामासाठी मी एक्स्प्लोरर, म्हणजे फोल्डरची नेहमीची खिडकी, वापरत नाही, रोबोकॉपी हे आज्ञा लिहून चालवायचं कॉपीचं साधन वापरतो. व्हिस्टापासून ते विंडोजमध्येच असतं. टर्मिनल, म्हणजे आज्ञा लिहिण्याची खिडकी, उघडून इंग्रजी अक्षरांत रोबोकॉपी, मग अवतरण चिन्हांत मूळ फोल्डरचा पत्ता, मग अवतरण चिन्हांत नव्या फोल्डरचा पत्ता, आणि पुढे स्लॅश ई, स्लॅश आर:१, स्लॅश डब्ल्यू:१. 'ई'मुळे आतले सगळे फोल्डर येतात. 'आर' आणि 'डब्ल्यू' हे सर्वांत महत्त्वाचे, कारण ते दिले नाहीत तर न वाचता येणाऱ्या एका फाइलवर रोबोकॉपी दहा लाख वेळा प्रयत्न करतं, प्रत्येक वेळी ३० सेकंद थांबून. पत्त्याच्या शेवटी, अवतरणाच्या आत, उलटा स्लॅश ठेवू नका, आज्ञा चुकीची वाचली जाते. नवी डिस्क एक्सफॅटच असेल तर स्लॅश एफएफटी जोडा, म्हणजे वेळेतल्या किरकोळ फरकामुळे तीच फाइल पुन्हा कॉपी होणार नाही. एकाच वेळी अनेक फायली नेणारा 'एमटी' स्विच फिरत्या डिस्कवरून फिरत्या डिस्कवर जाताना देऊ नका. आणि 'एमआयआर' या स्विचला हातही लावू नका. मूळ ठिकाणी जे नाही ते तो नव्या ठिकाणाहून पुसून टाकतो, दोन पत्ते उलटसुलट झाले तर काय होईल ते तुमच्या लक्षात येईल.

रोबोकॉपीचा खरा फायदा वेगात नाही. मध्येच थांबलं तर तीच आज्ञा पुन्हा द्यायची, झालेल्या फायली सोडून ते पुढे जातं, हा आहे. आपल्याकडे याची गरज पडते. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, वळवाच्या पावसात तर कोणत्याही संध्याकाळी जाते. लॅपटॉपला बॅटरी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. साडेतीन इंची मोठी डिस्क असेल तर तिचा अडॅप्टर भिंतीत असतो, आणि लॅपटॉप चालू राहिला तरी ती मधेच बंद पडते. तुमची अडीच इंची असल्याने हा धोका नाही. फक्त लॅपटॉप चार्जिंगला लावून ठेवा, पॉवरच्या सेटिंगमध्ये स्लीप 'नेव्हर' करा, झाकण मिटू नका. आणि गादीवर नको, टेबलावर ठेवा. एप्रिल-मेच्या दुपारी गादीत रुतलेली डिस्क फारच तापते.

अँटिव्हायरस एकच असू द्या. डिफेंडर आणि वर विकत घेतलेला दुसरा, दोन्ही प्रत्येक फाइल तपासत असतील तर लहान फायलींचा वेळ आणखी वाढतो. पूर्ण बंद करायला मात्र मी सांगणार नाही, विशेषतः व्हॉट्सॲपवरून आलेल्या फायलींसाठी. वनड्राइव्हचं सिंक कॉपीपुरतं थांबवा. काही फोटोंवर ढगाची खूण दिसत असेल तर ते लॅपटॉपवर नाहीतच, कॉपी करताना इंटरनेटवरून उतरतात, तेव्हा त्यांचा वेग तुमच्या ब्रॉडबँडचा.

रॅमबद्दल: ४ जीबी असेल तर ८ करा, रोजच्या वापरात फरक पडेल. कॉपीचा वेग त्याने वाढणार नाही, फार तर सुरुवातीचा फुगलेला आकडा थोडा जास्त वेळ दिसेल.

कॉपी झाल्यावर मूळ आणि नव्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये फायलींची संख्या आणि 'साइज' जुळवा. 'साइज ऑन डिस्क' जुळवू नका, कप्प्यांच्या फरकामुळे तो वेगळा येणारच. भजनांच्या फायली नव्या डिस्कवरून प्रत्यक्ष वाजवून बघा, शेवटपर्यंत. भजनं आणि जुने फोटो आणखी एका ठिकाणी ठेवा, भावाकडे किंवा क्लाउडवर. त्यांचा आकार फार नसेल. त्यानंतर लॅपटॉप हवा तर फॉरमॅट करा.

यातूनही उलगडा झाला नाही तर मला चार गोष्टी कळवा: डी ड्राइव्हच्या ०५, सी५, सी६ आणि सी७ चे मूळ आकडे, नव्या डिस्कचा मॉडेल क्रमांक, दोन्ही टप्प्यांतल्या आलेखांचे फोटो, आणि व्हॉट्सॲपच्या फोल्डरमधल्या फायलींची संख्या. सी५ शून्य नसेल तर कळवायला थांबू नका, आधी भजनं काढून घ्या.